चौकटीचे माप : रविवर्मा प्रेसच्या निमित्ताने

काही वर्षांपूर्वी मराठी भाषा गौरव दिनासाठी आमच्या विभागाने एक भित्तिपत्रक तयार केले. ए-थ्री आकाराचा उभा कागद, अगदी वरच्या कडेला ठसठशीत अक्षरांत ‘भाषावंदन’, मध्ये चित्र, आणि तळाशी वेळ व सभागृह. भिंतीवर ते शोभून दिसले. तेच एका विद्यार्थ्याने मोबाइलवरून सर्वत्र पाठविले, तेव्हा एका ठिकाणी त्याची वरची आणि खालची पट्टी छाटली गेली. तळाची वेळ गेलीच, पण शीर्षकावरचा अनुस्वारही गेला. ‘भाषावदन’ या कार्यक्रमाला यायचे का, अशी विचारणा दिवसभर होत राहिली. चूक अर्थात आमचीच होती. कागदासाठी रचलेले चित्र आम्ही वेगळ्या चौकटीत कोंबले होते.

चौकट बदलली की चित्राचे काय होते, हा प्रश्न आपण समजतो तितका नवा नाही. मुंबईच्या उपनगरांपुरते बोलायचे, तर त्याचा शोध घेताना घाटकोपरला थांबावे लागते.

१८८४ साली टी. माधवराव यांनी राजा रविवर्मा यांना सुचविले होते, की चित्रांची मागणी एका माणसाच्या हातून पुरी होणार नाही. तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांचे ओलिओग्राफ काढून घ्यावेत. माधवराव त्रावणकोर आणि बडोदा या दोन्ही संस्थानांचे दिवाण राहिलेले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी काढलेली चौदा पौराणिक चित्रे मुंबईत प्रदर्शनात मांडली गेली, आणि ही मागणी केवढी आहे ते उघड झाले. १८९४ मध्ये रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू सी. राजराजवर्मा यांनी युरोपवर विसंबून न राहता मुंबईतच छापखाना काढला. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीचे होते, आणि पहिले चित्र ‘शकुंतलाजन्म’. हा छापखाना घाटकोपरला होता. त्या काळचे घाटकोपर म्हणजे ठाणे जिल्ह्यातले, रेल्वेच्या कडेचे गाव. मुंबई उपनगर जिल्हा १९२० साली झाला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. विसाव्या शतकाच्या आरंभीच तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला. १९७२ मध्ये आगीत तो नष्ट झाला.

हा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. आम्हाला त्यातली एकच गोष्ट न्याहाळायची आहे : तैलचित्र कागदावर उतरवताना त्याचे माप कोण ठरवीत असे?

शिळाछापात चित्र आपोआप लहान-मोठे होत नाही. बव्हेरियातून आणलेल्या चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर कारागीर ते पुन्हा रेखाटतो, तेही उलटे. लक्ष्मीचा उजवा हात शिळेवर डावीकडे काढावा लागतो, तेव्हा कागदावर तो जागेवर येतो. प्रत्येक रंगाला स्वतंत्र शिळा. सगळ्या शिळांवरच्या खुणा केसभरही न हलता जुळल्या नाहीत, तर ओठांचा रंग गालावर जायचा. अशा कामात माप शेवटी ठरविण्याची मुभाच नसते. किती कागद, किती कड, आकृतीभोवती किती मोकळी जागा, हे रेघ ओढण्यापूर्वी ठरलेले असावे लागते.

आज पाहायला मिळणाऱ्या प्रतींत २८ बाय २०, २० बाय १४, १४ बाय १० इंच असे आकार आढळतात. ही मापे एका ओळीत वाचली की गंमत लक्षात येते. मोठ्या कागदाची मधोमध घडी घातली की दुसरा आकार मिळतो, त्याची घडी घातली की तिसरा. आणि लांबी-रुंदीचे प्रमाण जवळजवळ तेच, म्हणजे एकास १.४ राहते. आमच्या ए-थ्री कागदाचेही प्रमाण हेच. म्हणजे आमचे भित्तिपत्रक आणि रविवर्म्यांची लक्ष्मी एकाच घडणीच्या कागदावर उभी होती.

आता या लक्ष्मीला आजच्या चौकटींत नेऊन पाहू. २० बाय १४ इंचांची प्रत घ्या. इन्स्टाग्रामवर बराच काळ रूढ असलेले पाचास चारचे माप, म्हणजे १३५० बाय १०८० पिक्सेल, लावले तर उंचीतले अडीच इंच जातात. पूर्ण चौरसात सहा इंच, म्हणजे चित्राचा तीस टक्के भाग. मोबाइलचा पूर्ण पडदा व्यापणाऱ्या १९२० बाय १०८० च्या उभ्या पट्टीत उंची वाचते, पण रुंदीतले पावणेतीन इंच जातात. आणि ओळखचित्राच्या वर्तुळात तर चित्राचा पंचावन्न टक्केच भाग उरतो.

टक्केवारीपेक्षा काय गेले ते महत्त्वाचे. चौरसात पायाखालचे कमळ जाते, निदान मुकुट तरी. उभ्या पट्टीत बाजूला सोंडेत माळ घेऊन उभा असलेला हत्ती अर्धा होतो. कमळ आणि हत्ती गेल्यावर उरते ती एक देखणी, दागिने घातलेली बाई. मूर्तिशास्त्रात जी चिन्हे देवतेची ओळख असतात, ती प्रायः कडेला असतात. आकृती मध्यावर आणि अर्थ कडेला, अशी ही रचना आहे. यंत्र मात्र मध्य सांभाळते आणि कड टाकते.

हाच पेच दादासाहेब फाळके यांच्यापुढे वेगळ्या रूपात आला असणार. रविवर्मा प्रेसच्या कामाशी त्यांचा काही काळ संबंध होता. उभ्या कागदाच्या दुनियेतून ते १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये चारास तीन अशा आडव्या चौकटीत आले. उभी लक्ष्मी त्या चौकटीत भरायची तर तिची जवळजवळ अर्धी उंची गमवावी लागेल. फाळक्यांनी चित्र कापले नाही. माणसे शेजारी शेजारी उभी करून पुराणप्रसंग आडवा मांडला. चौकट बदलली तर रचना नव्याने करायची असते, हे शिळेच्या कामातून आलेले शहाणपण असावे, असे आम्हाला वाटते.

आमच्या विभागात आता प्रत्येक कार्यक्रमाची तीन चित्रे वेगवेगळी रचली जातात : भिंतीसाठी, मोबाइलच्या पानासाठी आणि उभ्या पडद्यासाठी. देवनागरीला वर मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार असतात, म्हणून चारी बाजूंनी कड मोकळी सोडली जाते. चित्र ताणून मापात बसवायला मनाई आहे. त्याने वक्त्यांचे चेहरे रुंदावतात आणि वक्ते रुसतात.

जुन्या ओलिओग्राफांकडे पुन्हा वळू. लोकांनी त्यांवर जर आणि टिकल्या चिकटविल्या, देवीला कापडी साड्या नेसविल्या, आणि घरच्या चौकटीत बसावे म्हणून कडाही कापल्या. बहुधा पहिली कातर लागायची ती तळाच्या पांढऱ्या पट्टीला. चित्राचे शीर्षक आणि छापखान्याचे नाव त्या पट्टीतच असे. अशी प्रत हाती आली की ती घाटकोपरची की मळवलीची, हे सांगणे अवघड होऊन बसते.