मेफ्लाय : नव्या जातीची ओळख व वर्णन

मेफ्लाय हा एफिमेरोप्टेरा गणातील कीटक. याचे अर्भक पाण्यात काही आठवडे ते एक-दोन वर्षे वाढते. प्रौढ काही तास, फार तर काही दिवस जगतो आणि काहीच खात नाही, कारण त्याची मुखांगे निकामी असतात. पंख फुटल्यावर आणखी एकदा कात टाकणारा, आज हयात असलेला हा एकमेव कीटकगण आहे.

नवी जाती शोधताना नमुना नेमका कुठून घेतला, हे महत्त्वाचे असते. उदाहरणार्थ, बालाघाट जिल्ह्यातील (मध्य प्रदेश) बैहरचे पठार मैकल डोंगररांगेत मोडते. या पठारावरील बंजर नदी मंडल्याजवळ नर्मदेला मिळते, तर जिल्ह्यातून वाहणाऱ्या वैनगंगेचे पाणी प्राणहितेवाटे गोदावरीत जाते. एकाच जिल्ह्याचे पाणी असे दोन समुद्रांना मिळत असल्याने नमुन्याच्या चिठ्ठीवर ओढ्याचे नुसते नाव पुरत नाही. खोरे, उंची, अक्षांश-रेखांश, तारीख आणि तळ खडकाळ आहे, वाळूचा की पालापाचोळ्याचा, हे सारे लिहावे लागते. वेगवान प्रवाहात दगडांना चिकटून हेप्टाजिनिइडी कुलातील चपटी अर्भके राहतात. कुजक्या पानांत लेप्टोफ्लेबिइडी, तर गाळात सीनिडी. याच परिसरातील कान्हा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत नमुने घ्यायचे तर वनखात्याची परवानगी आधी हवी.

अर्भके जाळीने धरून अल्कोहोलात ठेवतात. डीएनए तपासायचा असेल तर ते तीव्र, ९५ टक्क्यांच्या आसपास लागते. वंश ठरवताना उदरावरील कल्ल्यांचा आकार, जबड्यांवरील केस, नख्यांवरचे दात आणि शेपटीच्या धाग्यांची संख्या पाहतात. हे अवयव सुटे करून काचपट्टीवर चढवावे लागतात. नुसत्या भिंगाने भागत नाही. प्रौढात नराची जननेंद्रिये व पंखांच्या शिरा निर्णायक ठरतात.

खरी अडचण अर्भक आणि प्रौढ यांची जोडी जुळवण्यात आहे. दोघांचे रूप इतके वेगळे असते, की पूर्वी अनेक जाती एकाच अवस्थेवरून वर्णिल्या गेल्या आणि त्यांची दुसरी अवस्था अज्ञातच राहिली. पंखांच्या कळ्या काळ्या पडलेले अर्भक ओढ्यातच पिंजऱ्यात वाढवले, तर त्यातून निघालेला प्रौढ आणि मागे राहिलेली कात असा दुहेरी पुरावा मिळतो. जाती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सीओआय या जनुकाच्या तुलनेनेही जोडी जुळते. पण जवळच्या जातींची जनुकीय नोंद मुळात नसेल तर नुसत्या आकड्यांवर नवी जाती जाहीर करणे उतावीळपणाचे ठरते. संग्रहालयातील जुने नमुने आणि मूळ वर्णने हाती घेऊन तुलना करणे भाग आहे. हे काम कंटाळवाणे असले तरी ते टाळून केलेले नामकरण बहुधा पुढे रद्द होते.

आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेनुसार २००० पासून नव्या जातीसाठी मूळ नमुना, म्हणजे होलोटाइप (किंवा सिंटाइप नमुने), ठरवणे बंधनकारक आहे. भारताच्या जैवविविधता अधिनियम, २००२ प्रमाणे असे नमुने नियुक्त संग्रहालयात जमा करावे लागतात. १९१६ मध्ये स्थापन झालेले भारतीय प्राणी सर्वेक्षण हे त्यांपैकी एक असून त्याचे मध्य विभागीय केंद्र जबलपूरला आहे.

भारतातील या अभ्यासाचा मोठा भाग दक्षिणेत झाला. के. जी. शिवरामकृष्णन यांनी १९८४ मध्ये पीटर्सुला हा नवा वंश वर्णिला. तो अमेरिकी अभ्यासक विल्यम पीटर्स यांच्या नावाने ओळखला जातो. के. ए. सुब्रमण्यन आणि शिवरामकृष्णन यांनी २००९ मध्ये वर्णिलेली सिंबायोक्लिऑन मध्यस्थाय ही जाती तर गोड्या पाण्यातील शिंपल्याच्या सोबतीने राहते. दगड उलटून पाहणाऱ्याच्या हाती ती लागणे कठीणच.