फोर इन्स पदयात्रा दुर्घटना, १९६४

मध्य इंग्लंडमधील पीक डिस्ट्रिक्टच्या उघड्या, दलदलीच्या माळरानावर मार्च १९६४ मध्ये घडलेली दुर्घटना. चार जुन्या पांथशाळांना जोडणारी सुमारे ७० किलोमीटरची ही वार्षिक पदयात्रा स्काउट मंडळी १९५७ पासून भरवीत. त्या वर्षी पाऊस व बोचऱ्या वाऱ्यात तीन तरुण रोव्हर स्काउट दगावले. येथील माथा जेमतेम ६३० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी. घात केला तो उंचीने नव्हे. आडोसा नसलेल्या माळावर भिजलेले कपडे अंगातील ऊब झपाट्याने हिरावून घेतात. आधी कापरे भरते, बोलणे अडखळते. पुढे कापरे थांबते, आणि सोबत्यांना तीच सुधारणा वाटण्याचा धोका असतो. शोधपथकांत समन्वय राहावा म्हणून त्याच वर्षी पीक डिस्ट्रिक्ट माउंटन रेस्क्यू ऑर्गनायझेशन स्थापन झाली.