ॲनोडच्या भट्टीतली ओल

ॲल्युमिनियमचा इतिहास बहुतेक १८८६ पासून सांगतात. त्या साली अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, विजेच्या जोरावर ॲल्युमिनापासून धातू काढण्याची एकच रीत शोधली. मी मात्र त्याआधीच्या २८ वर्षांपासून सुरुवात करतो.

१८५८ साली फ्रीडरिश हॉफमन यांनी विटा भाजायच्या कडीसारख्या भट्टीचं पेटंट घेतलं. तिच्यात माल जागेवर राहतो, आग पुढे सरकते. पुढे जाणारा गरम धूर कच्च्या विटांमधली ओल काढतो. आपल्याकडच्या खंदकाच्या वीटभट्ट्या याच कुळातल्या, आणि ॲल्युमिनियमसाठी कार्बनचे ॲनोड भाजणारी भट्टीही.

ॲनोड म्हणजे पेट्रोलियम कोक आणि डांबरापासूनच्या पिचचा ठोकळा. विटांच्या पोकळ भिंतींमधल्या खड्ड्यात ठोकळे रचतात, भोवती कोकची भरड भरतात आणि सुमारे ११०० अंश सेल्सिअसला भाजतात. टनभर ॲल्युमिनियमला ४०० किलोच्या आसपास कार्बन खर्ची पडतो.

फौजेतल्या माणसाला ओलीचं भय दारूगोळ्यामुळे ठाऊक असतं. इथे ती भिंतीच खाते. भरड पावसात भिजलेली असेल, तर वाफ तापलेल्या कोकला भिडून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तयार करते. जिथे उष्णता फार, तिथे हे वायू विटेतल्या सिलिकाचा ऑक्सिजन ओढतात. सिलिका वायुरूपाने निसटते, वीट पोकळ होते.

दुसरी वाट अशी. वापरून उरलेले ॲनोडचे तुकडे दळून नव्या मालात मिसळतात. त्यांच्याबरोबर सोडियम आणि फ्लोराइड येतात. वाफ फ्लोराइडपासून हायड्रोजन फ्लोराइड बनवते आणि तो सिलिकावर तुटून पडतो. सोडियम विटेत मुरून तिला कमकुवत करतं.

नव्या अस्तराला तिसराच धोका. सांध्यांतलं पाणी वाफ होताना सुमारे १७०० पट जागा मागतं. म्हणून नवी भिंत सावकाश सुकवावी लागते.

भिंत वाकली की ठोकळे सारखे भाजत नाहीत, इंधन जास्त लागतं. अखेर शेजारचे कप्पे तापलेले असतानाच कामगारांना खड्ड्यात उतरून ती नव्याने बांधावी लागते. रेणुकूट, कोरबा, अंगुळ ही आपली ॲल्युमिनियमची केंद्रं भर पावसाच्या मुलखात आहेत. तिथे कोकच्या ढिगावरचं छप्पर हा भट्टीचाच भाग समजावा, असं माझं मत आहे.