इराकमधील ख्रिस्ती अल्पसंख्याक : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

इराकमधील असिरियन व खाल्डियन ख्रिस्ती समाज हा पाश्चात्त्य मिशनऱ्यांची निर्मिती नसून इस्लामच्या उदयापूर्वीपासून तेथे नांदत आलेला आहे. अरामी भाषेचा वारसा त्याने जपला आहे. तथापि आधुनिक राष्ट्र-राज्यात त्याच्या निष्ठेविषयी वारंवार संशय घेतला गेला. १९३२ मध्ये इराक स्वतंत्र झाला आणि ऑगस्ट १९३३ मध्ये सिमेले येथे लष्कराने असिरियनांचे हत्याकांड केले. यामागे केवळ धर्मद्वेष नव्हता. ‘ब्रिटिशांचे हस्तक’ हा शिक्काही तितकाच कारणीभूत होता.

२००३ च्या अमेरिकी आक्रमणानंतर राज्ययंत्रणा कोसळली आणि या समाजाचे उरलेसुरले संरक्षणही नष्ट झाले. ३१ ऑक्टोबर २०१० रोजी बगदादमधील चर्चवरील हल्ल्यात पन्नासहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. जुलै २०१४ मध्ये ‘इसिस’ने मोसुलमधील ख्रिस्ती घरांवर ‘नून’ हे अरबी अक्षर रंगविले आणि धर्मांतर, जिझिया, देशोधडी वा मृत्यू एवढेच पर्याय ठेवले. यझिदींच्या वाट्याला तर याहूनही भीषण संहार आला. शिया मुस्लिमही सुटले नाहीत. म्हणूनच या इतिहासाकडे दोन धर्मांचा संघर्ष म्हणून पाहणे अपुरे ठरते.

२०१७ मध्ये मोसुल मुक्त झाले, परंतु परतलेली ख्रिस्ती कुटुंबे मोजकीच. अल्पसंख्याकांचे अस्तित्व बहुसंख्याकांच्या सहिष्णुतेवर नव्हे, तर समान नागरिकत्वाच्या हमीवर टिकते, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.