जिना आणि प्रतीक्षा



बऱ्हाणपूरचा इतिहास सांगताना असीरगड, शाही किल्ला आणि १६३१ साली येथे झालेले मुमताजमहलचे निधन यांवरच सहसा भर दिला जातो. मला आज सामान्य माणसाच्या निवाऱ्याविषयी, त्यातही ज्याला जिना चढता येत नाही अशा माणसाच्या निवाऱ्याविषयी, बोलावयाचे आहे.

आपला कुंडी भंडारा १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात बांधला गेला. सातपुड्याकडून झिरपणारे पाणी भुयारांतून केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणले गेले. सोयीने माणसापर्यंत यावे, हे त्या रचनेचे तत्त्व. तीन शतकांनंतर मुंबईत सरकारने कामगारांसाठी घरे बांधली, तेव्हा हे तत्त्व उलटे झाले. माणसाने सोयीपर्यंत जावे, असे ठरले.

१८९६ च्या प्लेगने मुंबईतील दाट वस्तीचे भयाण रूप उघडे केले. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. पुढे १९२० च्या दशकात, गव्हर्नर लॉईड यांनी आरंभिलेल्या योजनेतून वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे बी. डी. डी. चाळींच्या २०७ इमारती उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक इमारतीत ८० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची आणि शौचालये सामाईक. नकाशा पाहिला की धडधाकट तरुण कामगारच रहिवासी म्हणून गृहीत धरलेला दिसतो. परंतु कामगारांची कुटुंबे झाली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओसरल्या आणि माणसे त्याच खोल्यांत म्हातारी झाली.

माझी मावशी मुंबईतील एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहत असे. पक्षाघातानंतर तिला खाली न्यावयाचे तर चौघांना खुर्ची उचलावी लागे. नऊ माणसांच्या खोलीतील एकुलती खाट तिला दिलेली होती. शौचालय मात्र व्हरांड्याच्या टोकाला. तळमजल्याच्या खोलीसाठी तिने सहा वर्षे अर्ज केले. शेजारी कधी नाही म्हणाले नाहीत. पण पुन्हा पुन्हा हाक मारण्याचा तिला संकोच वाटे. म्हणून ती पाणीच कमी पिऊ लागली. दाटीतील आपुलकी खरी, पण तिने जिन्याचा प्रश्न सुटत नाही.

कायद्याची पावलेही सावकाश पडली. १९९५ च्या अपंगविषयक कायद्याने घरासाठी सवलतीच्या दरात जमीन देताना अपंगांना प्राधान्य दिले. २०१६ च्या कायद्याने गृहयोजनांत पाच टक्के आरक्षण ठेवले. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील ५५६ चाळकरी कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळू लागल्या. बांधणीपासून जवळजवळ शंभर वर्षे लोटली होती! मात्र चाळीस मजली इमारतीत लिफ्ट बंद पडली, तर जुना जिना दहापट होऊन पुढे उभा राहतो. म्हणून घर मिळणे आणि त्या घरातून स्वतःहून बाहेर पडता येणे, या दोन गोष्टी इतिहासकाराने वेगळ्या मोजल्या पाहिजेत.

या शाळेचे किती तरी विद्यार्थी आज अभियंते आहेत, नगरपालिकेत आहेत. आपल्यासमोर घराचा नकाशा येईल तेव्हा पहिली पायरी कोठे आहे आणि तिच्याशेजारी उतार आहे का, एवढे अवश्य पाहावे.