पतनोंदीच्या नियमनाचा खर्च कोणाच्या खिशातून?

अहिल्यानगर - ट्रॅक्टर असो, दुचाकी असो की घरकर्ज. बँकेच्या दारात पाऊल ठेवताच 'सिबिल' किती, हा प्रश्न आता गावोगावी विचारला जातो. 300 ते 900 या दरम्यानचा हा गुणांक ज्या नोंदींवरून ठरतो, त्या नोंदी अचूक राहाव्यात यासाठी देशात स्वतंत्र कायदा आहे. मात्र या देखरेखीचा आणि त्यातील चुकांचा खर्च अखेर कोण सोसतो, याची चर्चा क्वचितच होते.

कायदा काय सांगतो?

कर्जफेडीची माहिती एकत्र करणारी 'सिबिल' ही देशातील पहिली कंपनी 2000 मध्ये स्थापन झाली. त्यानंतर संसदेने 2005 मध्ये पतमाहिती कंपन्यांच्या नियमनाचा कायदा संमत केला. तो 14 डिसेंबर 2006 पासून अमलात आला. परवाना, तपासणी आणि दंडाचे अधिकार रिझर्व्ह बँकेकडे आहेत. सध्या सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या हे काम करतात. 'सिबिल' हे एका कंपनीचे नाव असले, तरी बोलीभाषेत तेच गुणांकाचे नाव झाले आहे.

खर्चाची वाटणी

या देखरेखीसाठी वेगळा कर आकारला जात नाही. रिझर्व्ह बँक आपल्या उत्पन्नातून खर्च भागवते आणि उरलेला नफा केंद्र सरकारला देते. म्हणजेच देखरेखीवर खर्च होणारा रुपया अप्रत्यक्षपणे सरकारी तिजोरीतूनच जातो. दुसरा वाटा बँकांचा. 2015 मध्ये सर्व बँका व वित्तसंस्थांना चारही कंपन्यांचे सभासदत्व सक्तीचे करण्यात आले. त्या वेळी प्रवेश शुल्कावर 10 हजार, तर वार्षिक शुल्कावर 5 हजार रुपयांची मर्यादा घालण्यात आली. चार कंपन्यांचे मिळून वर्षाला 20 हजार रुपये मोठ्या बँकेला किरकोळ वाटतील. खरा भार संगणकप्रणाली व मनुष्यबळाचा असतो. 1 जानेवारी 2025 पासून माहिती महिन्याऐवजी किमान दर पंधरवड्याला पाठवणे बंधनकारक झाल्याने मोजक्या शाखांच्या सहकारी बँकांवरील हा भार वाढला. कर्जाच्या प्रक्रिया शुल्कातून त्याचा काही अंश ग्राहकापर्यंत पोहोचतो.

चुकीची किंमत

तिसरा वाटा कोणत्याही हिशेबात दिसत नाही. कर्ज फिटूनही नोंद थकीत राहिली, तर हेलपाटे, बुडालेला रोजगार आणि नाकारलेले कर्ज हे सारे कर्जदाराच्या माथी येते. नोंद 30 दिवसांत दुरुस्त करावी, ही तरतूद मूळ कायद्यातच होती; परंतु विलंबाला किंमत नव्हती. जून 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने चारही कंपन्यांना मिळून एक कोटी रुपयांहून थोडा अधिक दंड ठोठावला. मात्र अशा दंडातून कर्जदाराला काही मिळत नाही. ती उणीव 26 एप्रिल 2024 रोजी काही अंशी दूर झाली. तक्रार 30 दिवसांत न सुटल्यास पुढील प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई देणे तेव्हापासून बंधनकारक आहे. तक्रार 50 दिवसांनी सुटली, तर 20 दिवसांचे 2 हजार रुपये मिळतात. बँकेने 21 दिवसांत कंपनीला माहिती न दिल्यास भरपाई बँकेची. बँकेने वेळेत माहिती देऊनही कंपनी थांबली, तर ती कंपनीची. कायदा अमलात आल्यापासून ही तरतूद होईपर्यंत 17 वर्षे उलटली होती.

जिल्ह्यातील चित्र

राहाता तालुक्यातील पुणतांबा येथून 1 जून 2017 रोजी शेतकरी संपाची ठिणगी पडली आणि त्याच महिन्यात दीड लाख रुपयांपर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली. त्याहून अधिक थकबाकी असणाऱ्यांसाठी एकरकमी परतफेडीचा मार्ग ठेवण्यात आला. परंतु कर्ज माफ होणे आणि नोंद बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; बँकेने सुधारित माहिती पाठवल्याशिवाय अहवाल बदलत नाही.

1910 मध्ये स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने 4 ऑक्टोबर 2023 रोजी रद्द केला. बँक बंद झाली की ठेवीदारांची चिंता सर्वांना दिसते. जुन्या कर्जदाराच्या नोंदीसाठी दाद कोठे मागायची, हा प्रश्न मागे पडतो.

जिल्ह्यात गावोगावी असलेल्या सहकारी पतसंस्था राज्याच्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. माहिती देणाऱ्या संस्थांच्या कायद्यातील यादीत त्यांचा उल्लेख नाही. परिणामी पतसंस्थेचे हप्ते वर्षानुवर्षे वेळेवर भरणाऱ्याची ही शिस्त पतअहवालात सहसा उमटत नाही.

नागरिकांनी काय करावे?

- प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. ही सोय 2017 पासून आहे.
- कर्ज फिटताच बेबाकी दाखला घ्यावा व जपून ठेवावा.
- चूक आढळल्यास कंपनीकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक व तारीख नोंदवून ठेवावी. 30 दिवसांची मुदत तेथूनच मोजली जाते.
- दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. पतमाहिती कंपन्या 1 सप्टेंबर 2022 पासून या योजनेत आहेत. माहितीसाठी दूरध्वनी क्रमांक 14448.

देखरेखीचा खर्च तिजोरी, बँका आणि ग्राहक यांच्यात वाटला जातो. चुकीचा खर्च मात्र दीर्घकाळ एकट्या कर्जदाराने सोसला. दिवसाला 100 रुपये ही रक्कम लहान असली, तरी तो भार चूक करणाऱ्याकडे वळवणारी ती पहिली तरतूद आहे. तारखेची नोंद ठेवून ती मागितली, तरच तिचा उपयोग.