बगदादची विहीर आणि आजचा मास्क

इतिहास म्हटला की आपल्याला बादशहा, लढाया आणि तह आठवतात. मजुराच्या श्वासाचा विचार करणारी पुस्तके सहसा आठवत नाहीत. असे एक पुस्तक नवव्या शतकात बगदादमध्ये लिहिले गेले, ‘किताब अल-हियल’. मुहम्मद, अहमद आणि हसन हे तिघे भाऊ त्याचे लेखक. मूसाचे पुत्र म्हणून ते ‘बनू मूसा’ या नावाने ओळखले जातात. ‘हियल’ म्हणजे युक्त्या. पुस्तकातल्या सुमारे शंभर युक्त्यांमध्ये कारंजी आहेत, दिवे आहेत. आणि विषारी हवेच्या विहिरीत उतरणाऱ्या माणसासाठीही एक साधन आहे. आतली हवा गाळत बसायचे नाही, बाहेरची शुद्ध हवा नळीने त्याच्यापर्यंत पोचवायची.

त्याआधी, पहिल्या शतकात, रोमन लेखक प्लिनीने दुसरा उपाय नोंदवला होता. हिंगुळावर काम करणारे कारागीर धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडावर जनावराच्या मूत्राशयाची पिशवी बांधत.

मी भाषेची शिक्षिका, रसायनशास्त्राची नव्हे. पण आजचे सगळे मास्क याच दोन वाटांनी आलेले दिसतात: हवा गाळणारे आणि हवा पुरवणारे. निवडताना पहिला प्रश्न हाच. धुळीचा मास्क वायू अडवत नाही. वायूसाठी त्या-त्या वायूचेच कार्ट्रिज लागते. आणि जिथे प्राणवायूच कमी, तिथे कुठलेही कार्ट्रिज कामाचे नाही, कारण गाळून नवा प्राणवायू तयार होत नाही. गटार आणि सेप्टिक टँक म्हणजे अशाच जागा.

दुसरा प्रश्न आपल्या अनेक घरांतला आहे: दाढी. चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क केसांवर नीट टेकत नाही, फटीतून वायू आत शिरतो. पण पंख्याने हवा पुरवणारा सैल हूड दाढीवरही चालतो. म्हणून दीन की नोकरी, असा पेच कामगारापुढे टाकण्याआधी मालकाने योग्य साधन शोधावे.

कपड्यांचेही तसेच. 1996 मध्ये अमेरिकेतल्या कॅरेन वेटरहान या प्राध्यापिकेच्या लेटेक्स हातमोज्यावर डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब सांडले. मोजा फाटला नाही, तरी विष पार झाले. जून 1997 मध्ये त्या गेल्या. सर्व रसायनांना पुरणारा एकच हातमोजा नसतो.

आपल्याकडे हाताने मैला साफ करण्याविरुद्ध 2013 चा कायदा आहे. गटारातल्या मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये भरपाई 30 लाखांपर्यंत वाढवली. तरीही माणसे रुमाल बांधून आत उतरतात आणि परत येत नाहीत. बनू मूसांचा अभिमान आपण सभांतून सांगतो, सांगावाच. पण बाराशे वर्षांपूर्वी त्यांना जो मजूर दिसला, तो आज आपल्या गल्लीच्या मॅनहोलपाशी उभा आहे. आधी यंत्र आणा, माणूस उतरवूच नका. उतरणे टळतच नसेल, तर हवा तपासा आणि वरून श्वास पुरवा. त्या पुस्तकाचा मान राखायचा तर इथून सुरुवात करावी.